आधी ताप सांग

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना होता. खाली पत्रा कापायची आणि दाबायची यंत्रं, मागे पॉलिशचा विभाग आणि वर पोटमाळ्यावर ऑफिस. सकाळी कामगार आत शिरायचे तेव्हा दारात म्हात्रेसाहेब उभे असायचे. दारात उभा राहिलेला साहेब म्हटला की मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर येतं. म्हात्रेसाहेब घड्याळ बघत नसत. ते येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. कुणाचे डोळे तांबारलेले दिसले, कुणाचा चेहरा उतरलेला दिसला, की हात आडवा घालून त्याला बाजूला घ्यायचे.

"काय होतंय?"

"कुछ नहीं साब."

"कुछ नहीं तो पाय का ओढतोस? जा, त्या खांबापर्यंत जाऊन ये. चालून दाखव."

तो बिचारा खांबापर्यंत जाऊन यायचा. साहेब मान तिरकी करून बैल पारखावा तसे त्याची चाल बघायचे आणि निकाल द्यायचे: एक तर "जा कामाला", नाहीतर "जा घरी". या निकालावर अपील नव्हतं. शेठसुद्धा त्यात पडत नसत.

मूर्ती लहान, रंग काळा, केस तेल लावून मागे फिरवलेले आणि आवाज असा की खाली प्रेस चालू असताना पोटमाळ्यावरून बोललेलं खाली ऐकू यावं. ते मूळचे भाईंदर पश्चिमेच्या राई गावचे. लहानपण मिठागरात गेलं होतं. एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलायची सवय ऑफिसात आली तरी सुटली नव्हती. टेलिफोनवर तर ते इतक्या जोरात बोलायचे की शेठ म्हणायचे, "म्हात्रेभाई, फोन रहने दो, खिडकी खोलके बोलो."

कारखान्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. माणसं, हजेरी, पाणी, वीज, टेम्पो, सगळं. पण त्यांचा जीव होता तो आजारपणावर. आजाराबद्दल त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जायचं. मलाही ऐकवलं.

"आजार म्हणजे पाहुणा. आल्या आल्या बसायला दिलं, पाणी विचारलं, तर चहा पिऊन जातो. तोंडावर दार लावलं, तर सामान घेऊन राहायला येतो."

कुणी रजेचा निरोप पाठवला की त्याच संध्याकाळी साहेब स्कूटरवरून त्याच्या घरी हजर व्हायचे. नव्या माणसाला वाटायचं, पाळत ठेवायला आले. पॉलिशवाल्या सलीमलाही तसंच वाटलं होतं. ती गोष्ट तो दर ईदला सांगायचा.

सलीम नया नगरात राहायचा. एकदा ईदच्या तोंडावर त्याने निरोप पाठवला, कंबर धरली आहे, येता येत नाही. साहेब संध्याकाळी त्याच्या घरी गेले तर दार सताड उघडं, सामान मधोमध ढकललेलं आणि सलीम शिडीवर चढून छताला चुना मारतोय. सासुरवाडीची माणसं ईदला येणार होती. साहेबांना बघून त्याच्या हातातला ब्रश खाली पडला.

साहेबांनी तो उचलला. शर्ट काढून खुंटीला टांगला. म्हणाले, "कमर में दर्द है ना? तो ऊपर मत चढ. उतर. नीचे का तू मार, छत मैं मारता है."

आणि खरंच त्यांनी त्या खोलीचं सगळं छत रंगवलं. सलीमच्या बायकोने दिलेला चहा शिडीवरच प्यायला. निघताना डोक्यावर, भुवयांवर चुना. सलीम म्हणायचा, "मेरे को गाली देते तो अच्छा लगता. दूसरे दिन हाजिरी में लिखा, सलीम, कमर. उसके बाद मैं झूठ बोलके कभी छुट्टी नहीं लिया. बोल देता था, साब, घर में चुना मारना है. वो बोलते, जा."

मी त्या कारखान्यात लागले ती बी.कॉम. झाल्यावर वर्षभर घरी बसून. आम्ही परळहून मीरा रोडला, पूनम सागरला राहायला आलो होतो. बाबांनी छापखान्यातून मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती आणि घरात सगळ्यांचं लक्ष माझ्या नोकरीकडे लागलेलं. कितीतरी ठिकाणी मुलाखती दिल्या. शेवटी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता तो कामी आला. मालाबरोबर जाणारी चलनं आणि बिलं कॉम्प्युटरवर करायला त्या कारखान्याला मुलगी हवी होती. आईने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

आणि दुसऱ्याच आठवड्यात मला ताप भरला.

आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आज जाऊ नकोस." बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "नवीन नोकरी आहे. गोळी घेऊन जाता येत असेल तर बघ." मला बाबांचं पटलं. नवीन माणसाला तीन महिने रजा नसते, हे मला लागतानाच सांगितलं होतं. गोळी घेतली, लांब बाह्यांचा ड्रेस घातला, कपाळावर आलेल्या पुटकुळीवर पावडर थापली आणि निघाले.

दारात हात आडवा आला.

"हे काय कपाळावर?"

"पुरळ आलंय. उन्हाने."

"फेब्रुवारीतलं ऊन? वर चल."

त्यांनी मला वर नेऊन खिडकीपाशी बसवलं, समोर खुर्ची ओढून बसले आणि बाजारात लिंबू बघावं तसं माझं कपाळ बारकाईने बघितलं. मग मनगट उलटं करायला सांगितलं. तिथेही दोन फोड होते.

"कांजिण्या."

"पण सर, त्या लहानपणी होतात ना?"

"तुला झाल्या होत्या?"

"नाही."

"मग आता झाल्या. थोडं लहानपण राहिलेलं, ते पुरं होतंय."

मला एकदम रडू आलं. वर्षभर घरी बसलेली, आईचे पेढे, बाबांचा पेपर, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, "सर, माझी नोकरी जाईल."

"असं कोण बोललं?"

"कुणी नाही."

"मग आत्ता कशाला रडतेस? कुणी बोललं तर रड."

त्यांनी मला चहा पाजला आणि स्कूटरवर मागे बसवून मीरा रोडला घरी आणून सोडलं. आईला दारातच सांगितलं, "ताई, हिला आम्ही काढलेली नाही. बरी करायला पाठवलेली आहे." बाबांना वाटलं, पोरगी पडलीबिडली. ते चप्पल न घालताच बाहेर आले. साहेबांनी आमच्या घरचा फोन नंबर मागितला, बॉलपेनने तळहातावर लिहिला आणि चहा न घेता निघून गेले.

पुढे ऑफिसात काय झालं ते मला शेठनीच नंतर सांगितलं. शेठना आधी ते खरंच वाटलं नव्हतं. "म्हात्रेभाई, ये तो बच्चे लोग का बीमारी है. लड़की को नौकरी नहीं करनी होगी. दूसरी बुला लो, मेरा काम रुकता है." त्यांच्या ओळखीतली एक मुलगी तयारच होती. दुसऱ्या दिवसापासून आली असती.

साहेब म्हणाले, "काम नहीं रुकेगा. उसकी जगह पे मैं बैठेगा."

"तमने कॉम्प्युटर आवडे छे?" येतो का तुम्हाला, असं शेठनी गुजरातीत विचारलं.

"सीखेगा."

शेठ गेल्यावर त्यांनी सलीमला त्याचं कारण सांगितलं होतं. रिकामी खुर्ची दिसली की शेठला नवीन माणूस आठवतो. खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसलं की मग काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचा फोन वाजला. आईने रिसीव्हर कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. मी अंथरुणावर कडुलिंबाच्या पाल्यात पडले होते, तिथपर्यंत आवाज येत होता.

"आधी ताप सांग!"

"आहे थोडा. सकाळी जास्त होता."

"बरं. पेज घेतलीस? घे. आता ऐक. मी बटण दाबलं आणि पडदा निळा झालाय. आत कुणीच नाय."

मी ग्लानीत डोळे मिटून त्यांना एकेक पायरी सांगितली. ते प्रत्येक बटण दाबल्यावर त्याचं नाव मोठ्याने उच्चारायचे. पलीकडून टेम्पोवाल्याचा हॉर्न ऐकू यायचा, शेठचा आवाज यायचा, कुणीतरी "साब, चलन" म्हणून ओरडायचं. पण पुढचे दिवस तो फोन कधीही आला तरी सुरुवात तीच. एकदा माल भरून टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर चिडलेला, कॉम्प्युटर अडलेला, तरी साहेब आधी विचारत होते, खाज कमी आहे का, झोप लागली का. मी सांगायचे, "सर, आधी चलन बघू या." ते म्हणायचे, "चलन कुठं पळत नाय. तू सांग."

त्या चलनाच्या खाली शेरा लिहायची एक ओळ होती. ती रिकामी ठेवली की मशीन पुढे जायचं नाही. मी तिथे नुसता ठिपका द्यायचे. हे साहेबांना सांगायचं राहून गेलं. त्यांनी दिवसभर डोकं खाजवलं आणि शेवटी, काहीतरी लिहायचंच आहे तर चांगलं लिहावं, असं ठरवून एका बोटाने इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, "तब्येतीची काळजी घेणे." मशीन पुढे गेलं. मग त्यांनी तोच शेरा प्रत्येक चलनावर घातला. पातेल्यांच्या, डब्यांच्या, परातींच्या मालाबरोबर कोल्हापूर, नाशिक, सुरतेपर्यंत तो निरोप गेला. कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने काळजीने फोन केला, "अहो, आमच्या तब्येतीचं तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. साहेबांनी त्यांच्याशी ऑपरेशनबद्दल इतका वेळ गप्पा मारल्या की त्यांनी पुढची मोठी ऑर्डर तिथल्या तिथे दिली.

रविवारी साहेब मला बघायला आले. मुलीच्या घरी जायचं म्हणून बायकोला घेऊन आले होते. काकू नऊवारीत, अंगापिंडाने साहेबांच्या दुप्पट, हातात शहाळ्यांची पिशवी. त्या सरळ माझ्या खोलीत येऊन बसल्या.

"काय गो बाय, खाजवतेस?"

"थोडं."

"खाजवू नुको. पाला फिरव. लगीन व्हायचा हाय अजून तुजा." मग आईकडे वळून म्हणाल्या, "यो रोज घरी आला की बोटं दाखवतो. म्हने दुखतान. बारकेपनी मीठ ओढला तवा दुखली न्हाय, आता बटनं दाबून दुखतान."

साहेब दारातल्या खुर्चीत बसून बाबांशी बोलत होते. बाबांनी विचारलं, "तुम्हाला झालेल्या आहेत ना कांजिण्या? नाहीतर लांब बसलेलं बरं." साहेब म्हणाले, "आता काय लांब. स्कूटरवरून आणली तेव्हाच काय ते झालं असेल." आणि मोठ्याने हसले. आम्हीही हसलो.

खपल्या पडल्या, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ झाली, डॉक्टर हो म्हणाले आणि मी कामावर गेले. माझी खुर्ची जागेवर होती. तिच्यावर काकूंनी शिवलेली उशी होती, कारण साहेबांना ती खुर्ची टोचायची. शेठनी माझ्या कपाळावरचे डाग बघितले आणि ओशाळून म्हणाले, "आ तो साचुं हतुं." म्हणजे, हे तर खरंच होतं. कोल्हापूरच्या आजोबांचा फोन आला. चलनावर आता नुसता ठिपका येतोय, सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी मी पोहोचले तर कामगार दाराबाहेरच उभे. दार उघडं होतं, पण कुणी आत जात नव्हतं. रोज तोंड दाखवून आत जायची सवय, आणि आज तोंड बघायला कुणीच नव्हतं. सलीमने मला विचारलं, "साब किधर हैं?" म्हात्रेसाहेब कधी आले नाहीत असं कुणाला आठवत नव्हतं.

वर फोन वाजत होता. काकू होत्या.

"बाय, यांना तुज्यासारखाच उठलाय."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कांजिण्या म्हणजे पोराटोरांचा आजार नव्हे. ताप उतरेना, मग खोकला सुरू झाला, छाती भरली, आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. ते दिवस कारखान्यात फार वाईट गेले. प्रेस चालू असायची तरी शांत शांत वाटायचं. माझी आई रोज संध्याकाळी मी दारात आले की आधी विचारायची, "साहेब कसे आहेत?" पेढे वाटताना केला नव्हता तो नवस तिने आता केला. सलीम दर्ग्यात जाऊन आला. शेठ इस्पितळात डॉक्टरांना भेटून आले आणि कारखान्यात सगळ्यांना म्हणाले, "अभी ठीक है. नर्स को चिल्ला रहे हैं." तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

साहेब घरी आल्यावर पुढच्या रविवारी मी, सलीम आणि शेठ, शेठच्या गाडीतून राईला गेलो. साहेब ओटीवर खाटेत पडलेले. निम्मे झाले होते. पण सलीम आत शिरला तसे उठून बसले. "पाय का ओढतोस रे?"

"नया चप्पल है साब."

"हां, मग ठीक."

शेठ त्यांना समजावत होते, महिनाभर येऊ नका, पगाराची चिंता करू नका. साहेब मान हलवत होते आणि पुढच्याच वाक्याला विचारत होते, पाण्याची मोटर कुणी बघितली. आजाराला बसायला द्यावं म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या पाहुण्याचं मुळीच ऐकून घेतलं नव्हतं, ही काकूंची तक्रार होती. ताप अंगात असताना दोन दिवस ते कुणाला न सांगता कामावर आले होते.

मी काकूंना चहाला मदत करायला आत गेले. मी म्हटलं, "सगळ्यांना घरी पाठवतात आणि स्वतः का असं करतात?"

काकू चुलीवरचं आधण बघत होत्या. त्यात साखर टाकून म्हणाल्या, "यांचा थोरला भाव व्हता. मिठागर सोडून कंपनीत लागला. घरात पयला तोच. लागला नि ताप आला. नवीन नोकरी, रजा कशी मागायची? तसाच जायचा रोज. सकाळचा निघताना याला सांगायचा, आयेला सांगू नुको. यो बारका पोर. त्यानं न्हाय सांगितला कुनाला." त्यांनी पातेलं उतरवलं. "विषमज्वर व्हता. गेला तो."

मी कप पुढे सरकवले. बाहेरून साहेबांचा आवाज आला, पूर्वीसारखाच, बांधावरून बांधावर जाणारा. ते शेठना सांगत होते की चलनावरचा ठिपका चांगला दिसत नाही, तिथे काहीतरी बोललेलं बरं असतं, आणि कोल्हापूरच्या आजोबांना दुसऱ्या डोळ्याचं कधी करणार ते विचारा.

"बघ," काकू म्हणाल्या, "बरा झाला यो. चल, चहा ने."

साहेब पुन्हा कामावर आले आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या दारात उभे राहिले. फरक एवढाच, की आता ते तोंडाकडे बघायचे तेव्हा कामगारही त्यांच्या तोंडाकडे बघायचे. एकदा सर्दीने त्यांचं नाक लाल झालं होतं, तर सलीमने हात आडवा घातला आणि म्हणाला, "साब, खंबे तक चलके दिखाओ." सगळे हसले. साहेब खांबापर्यंत चालून आले आणि मुकाट्याने घरी गेले.

मला पुढे बँकेत नोकरी लागली. तिथे रजेचा अर्ज दिला की सही होऊन यायचा, कुणी काही विचारायचं नाही. कारखाना वसईला गेला आणि साहेब निवृत्त झाले, हे सलीम स्टेशनजवळ भेटला तेव्हा कळलं.

त्यानंतर काही वर्षांनी, एका थंडीत, आमच्या सोसायटीतल्या बायकांची सहल चेणे गावच्या नदीवर गेली होती. जेवणं झाल्यावर मी एकटीच काठाने फिरत वरच्या अंगाला गेले. तिथे एका झाडाखाली काकू बसल्या होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं, पण बोलल्या नाहीत. ओठावर बोट ठेवलं आणि शेजारी दाखवलं.

चटईवर म्हात्रेसाहेब गाढ झोपले होते. केस पूर्ण पांढरे, तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर. भर दुपारी, उघड्यावर, असे निवांत. शेजारी बांबूचा गळ दगडात खोचून ठेवलेला आणि त्याची दोरी पाण्यात.

"सकालपासून मासा धरतो म्हनून बसलाय," काकू कुजबुजल्या. "उठवू?"

"नको. झोपू दे."

मी त्यांच्याजवळ बसले. आईची चौकशी झाली, माझ्या मुलीची झाली, सगळं हळू आवाजात. साहेबांचा श्वास संथ चालला होता. मध्येच बांबूचं टोक वाकलं. काकू उठल्या, चिखलात अनवाणी उतरल्या आणि आवाज न करता दोरी ओढली. तळहाताएवढा मासा वर आला, उन्हात चमकला. काकूंनी तो सोडवून पाण्याच्या डब्यात टाकला, वर पान झाकलं आणि गळ होता तसा पुन्हा दगडात खोचून ठेवला.

"उठला की सांगीन," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुमीच धरला."

खालून आमच्या बायका हाका मारायला लागल्या, तशी मी उठले. वळणावरून मागे बघितलं तेव्हा काकू डब्यातल्या माशाकडे वाकून बघत होत्या आणि साहेब कुशीवर वळले होते.